राजिमले एक रात्र जायचं होतं

किस्से जमा करायले माणसानं कुठं जावं लागते असं नाही. जायचं ठरवावं, बस. माझी नात केतकी राजिमले सायकलीवर जाऊन एक रात्र राहून आली. त्या रात्रीबद्दल विचारलं तर पोट्टी म्हणते, "अच्छा था." संपलं. पण जायचं ठरवून राहिले होते तवाचे किस्से मले विचारा. ते आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी अजून सोफ्याखालून निघतात.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर बाकीचं हसण्यावारी जाईन. केतकीले शाळेत होती तवापासून शुगर आहे. म्हाताऱ्यांची नाही, पोरांची असते ती. जिच्यात रोज इन्सुलिन टोचून घ्यावंच लागते. शुगर वाढते हे सगळ्यांले माहीत असते. पण इन्सुलिन घेतलं अन् अंगमेहनत जास्त झाली तर शुगर झपकन उतरते, कधी कधी तर रात्री झोपेत, हे आमच्यासारख्या घरांलेच माहीत. झोपेत उतरली तर माणूस आपल्या मनानं उठेनच असं नाही.

म्हणून माझी सून संध्या रोज रात्री उठते. गजर लावत नाही. उठते, पोरीच्या मानेले हात लावते, घाम नाही ना पाहते, अन् येऊन पडते. ताप असो, पाहुणे असो, एक रात्र चुकली नाही. केतकीही आईशिवाय एक रात्र कुठं झोपली नाही. मावशीच्या लग्नातही नाही.

अन् त्या पोरीनं एका रविवारी जेवताना वरण वाढून घेत सांगतलं, "आई, हम लोग साइकिल से राजिम जा रहे हैं. रात वहीं टेंट में रुकेंगे."

तिले मराठी सगळी समजते. बोलते हिंदी. पण त्या दिवशी समजलं नाही असं आम्हीच केलं.

०

माझा पोरगा शरद रेल्वेत आहे. बोलणं कमी. केतकीनं सांगतलं तसा तो लगेच म्हणाला, "हो, जा ना."

संध्यानं पोळी ताटातच ठेवली. ज्या बापानं पोरीले शाळेच्या सहलीले स्टेशनाच्या बाहेर जाऊ दिलं नाही, तो एका घासात हो म्हणते?

दोन दिवसांनी शरद चहा पिता पिता सहज म्हणे, "त्या दिवशी मलेही राजिमकडं काम निघालं आहे. इन्स्पेक्शन."

संध्यानं विचारलं, "काहून? रेल्वेचं तिथं काय आहे?"

"छोटी लाईन होती ना."

"होती. तिच्यात आता काय पाहणार तुम्ही?"

शरदनं चहा संपवला. म्हणाला, "तेच पाहायचं आहे."

केतकी बापाले म्हणाली, "पापा, आप आए तो मैं नहीं जाऊँगी." इन्स्पेक्शन तिथंच बंद झालं. शरदनं मग त्या दिवशीची रात्रपाळी मागून घेतली. म्हणे घरी बसून राहवणार नाही.

०

जाणारे चौघं. केतकी अन् तिच्यासोबत शिकणारी नेहा, ही छत्तीसगढी पोरगी, आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात वाढलेली. तिसरी रूपाली, बँकेत अधिकारी, तिनंच या सगळ्यांले पहाटेच्या सायकलीचा नाद लावला. चौथे पुराणिक काका, नोकरीतून रिटायर, सामानाचा शौक. सायकलीलेच तंबू, पांघरूण, कपडे सगळं बांधायचं अन् निघायचं, याले बाईकपॅकिंग म्हणतात हे मले काकांनीच शिकवलं. चौघांपैकी कोणीच आजवर असं रात्रभरासाठी गेलं नव्हतं. काकांनी फक्त सामान घेऊन ठेवलं होतं.

आमचं घर सगळ्यांले मधात पडते म्हणून बैठका आमच्याकडं. राजिमजवळ रूपालीच्या ऑफिसातल्या एका बाईचं शेत होतं, घर होतं, हापसी होती. तिच्या अंगणात तंबू लावायचे ठरलं. सगळं जमलं. राहिला एकच प्रश्न, दिवसभर उन्हात इन्सुलिन खराब झालं नाही पाहिजे.

"ते माझ्यावर सोडा," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी काका एक डबा घेऊन आले. आतून चकचकीत, झाकण असं की दोन्ही हातांनी उघडा. केतकीनं तिचं एक इन्सुलिनचं पेन दिलं. काकांनी ते डब्यात ठेवलं, वरून-खालून बर्फ भरला, अन् डबा आमच्या गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला. सगळे खाली पोहे खात बसले. काका मधून मधून वर जाऊन डब्याले हात लावून येत. "थंड आहे," असं पाहुण्याची खुशाली सांगावी तसं सांगत.

संध्याकाळी डबा उघडला. केतकीनं पेन उजेडात धरलं, हलवून पाहिलं. आत बर्फाची कांडी.

इन्सुलिन एकदा गोठलं की मग ते कामाचं राहत नाही. मग ते वितळो की काही करो. काकांले हे माहीत नव्हतं. त्यांले वाटलं, जितकं थंड तितकं चांगलं.

संध्या बोलली. अगदी हळू आवाजात बोलली, म्हणून जास्त लागलं. "काका, हे तिथं झालं असतं तर?"

काका डबा मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनीच विचारलं, "मग याले ठेवतात कसं?"

"गीले कपड़े में लपेट के," केतकी म्हणाली. "ठंड के दिन हैं काका. इतना काफी है."

काकांनी डब्याकडं पाहिलं. म्हणाले, "मग मी याच्यात काय नेऊ?"

०

मधात संक्रांत आली. आमच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे तात्यापाऱ्यातल्या सगळ्या मराठी बाया एका खोलीत. संध्यानं ठरवलं होतं, जाण्याचं कोणाले सांगायचं नाही. तिनं नाही सांगतलं. सायकल दाराशी उभी होती, तिच्यावर पिशव्या बांधलेल्या. बायांले तेवढं पुरते.

वैद्य काकू म्हणाल्या, "राजिमले माझी नणंद आहे. पोट्टी तिच्याकडं झोपन ना, तंबूत काहून?"

दुसरी म्हणे, "रस्त्यात अभनपूरले आमचे व्याही आहेत. जेवणाले थांबाच म्हणा."

केतकीची शुगर सगळ्यांले माहीत होती, अन् उतरली की गोड द्यावं लागते हेही माहीत होतं. मग काय, प्रत्येकीनं घरून आणलेला तिळगुळ तिथंच केतकीच्या हातात दिला. "राहू दे, वेळेवर कामी येते." आलेली एकही बाई मागं राहिली नाही. कोणी डबा, कोणी पुडी, कोणी नुसतेच लाडू रुमालात. नेहानं ते सगळं मागच्या पिशव्यांमध्ये भरलं, अन् सायकलीचं पुढचं चाक हळूच वर उठलं. बाया पाहतच राहिल्या. मग सायकल बसली. घोडं बसते तशी बसली.

केतकीनं नीट समजावून सांगतलं. शुगर उतरली तर साधं ग्लुकोज पाहिजे, लगेच चढणारं. तिळात तेल असते, त्याच्यानं साखर उशिरा चढते. वेळेवर तिळगुळ कामी येत नाही.

वैद्य काकूंले राग आला. "आमच्या तिळगुळात तेल नाही बाई. घरी केला आहे."

तो सगळा तिळगुळ मग पुराणिक काका घेऊन गेले. म्हणे, डबा रिकामाच होता.

पुढच्या बैठकीले केतकी सगळ्यांले बोटाले टोचून मशीनवर शुगर पाहायची शिकवत होती. रात्री गरज पडली तर कोणालेही जमलं पाहिजे, ही संध्याची अट. नेहानं स्वतःची पाहिली, रूपालीनं पाहिली. काकांनी डोळे मिटून बोट पुढं केलं. केतकीनं मशीनकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, परत मशीनकडं पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "आपकी तो मेरे से भी ज्यादा है."

०

संध्याची दुसरी अट, आधी एक रात्र आमच्याच गच्चीवर तंबूत काढून दाखवायची. नेहा सोबत, तिनं वेळेवर उठून केतकीची शुगर पाहायची. अन् संध्यानं वर जायचं नाही. ही तिसरी अट केतकीची.

सकाळी मी उठली तर संध्या तिच्या जागेवर नाही. गच्चीच्या जिन्यात सगळ्यात वरच्या पायरीवर शाल घेऊन बसलेली, डोकं दाराले टेकलेलं.

तेवढ्यात वरून नेहानं दार उघडलं अन् संध्या जवळजवळ तिच्या पायावरच पडली.

"आंटी, कब से बैठे हो?"

"आत्ताच आली."

नेहानं तिच्या बाजूचा चहाचा कप उचलून पाहिला. त्याच्यात मुंग्या लागून गेल्या होत्या.

रूपालीनं निकाल लावला. "केतकी पास. काकू नापास. काकूंची परीक्षा पुन्हा घ्यावी लागन."

पुन्हा घेतली. या वेळी संध्याले झोपायले तिच्या बहिणीकडं, गावातच पंडरीले पाठवलं. जेवून गेली, हसत गेली. मी पहाटे दार उघडलं तर समोर ऑटो उभा अन् संध्या उतरून राहिलेली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ताईच्या घरी मच्छर फार आहेत."

तिची बहीण नंतर मले फोनवर म्हणाली, "आई, ती आली तशी बाहेरच्या खोलीत पायात चपला घालून बसली होती."

केतकीले राग आला. पहिल्यांदाच आईसमोर आवाज चढला तिचा. "तुम ऐसे कितने साल उठोगी?"

संध्या भांडे लावत होती. मागं न पाहता म्हणाली, "जितके साल तू सोसशील."

त्याच्यानंतर दोघी एका घरात राहून चार दिवस माझ्यामार्फत बोलल्या. "आजी, आई को बोलो, मेरा टिफिन." "आई, तिले सांगा, ओट्यावर आहे."

०

शेवटची तयारी म्हणजे भरलेल्या सायकली घेऊन नव्या रायपुरात चक्कर. संध्याचं ऑफिस तिकडंच, म्हणून तिले ते रस्ते पक्के माहीत. रुंद, सरळ, गुळगुळीत, अन् मैलभर पाहा, एक दुकान नाही, एक माणूस नाही. बसही कधी दिसली तर दिसली. संध्या त्या सकाळी फोन हातात घेऊनच कणीक मळत होती.

ते परत आले तर चौघंही गप्प. नुसतं "अच्छा रहा, आंटी." काका चहाले थांबले नाहीत. काका चहाले थांबले नाहीत म्हणजे काहीतरी झालं आहे, हे मलेही समजलं, संध्यालेही समजलं. तिनं कोणाले विचारलं नाही. नेहाले फक्त म्हणाली, "जरा आत ये. लसूण सोल."

मी तिथंच तांदूळ निवडत होती.

नेहा लसूण सोलत राहिली अन् एकदम म्हणाली, "आंटी, उसकी शुगर गिरी थी."

संध्याचा हात थांबला. "किती?"

नेहानं आकडा सांगतला. मले आकडे समजत नाहीत, पण संध्यानं ओट्याची कड धरली ते दिसलं.

"पडली?"

"नहीं. साइकिल पे ही थी. मैंने रुकवा के ग्लुकोज दिया. डिवाइडर पे बिठाया. फिर ठीक हो गई."

"घाम फुटला होता का तिले?"

"सब को पसीना था आंटी. साइकिल चला रहे थे."

संध्याचं सगळं रात्रीचं गणित त्या घामावर होतं. मग तिनं विचारलं, "मग तुले समजलं कसं?"

नेहानं लसणाची पाकळी ठेवली. "मैंने उसको पानी की बोतल दी. तो बोली, 'थैंक्यू नेहा, तुम कितनी अच्छी हो.'"

"मग?"

"आंटी, नर्सरी से साथ हैं हम. आज तक उसने मेरे को थैंक्यू नहीं बोला है. मैंने चिल्लाया, ब्रेक मार!"

संध्यानं तिच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मले वाटलं आता म्हणन, बंद करा सगळं, सायकली विकून टाका. माझ्या सुपातले तांदूळ तिथंच थांबले. बाहेरच्या खोलीत केतकी उभी होती, मले तिचे पाय दिसत होते पडद्याखालून. तीही तेच ऐकायले उभी होती.

संध्या म्हणाली, "मले कधी थँक्यू नाही म्हणाली. झोपेतच राहते ना ती तेव्हा."

"हव आंटी."

"म्हणजे जागेपणी शुगर उतरली की पोट्टी गोड बोलते."

"बहुत," नेहा म्हणाली. "डर लगता है."

संध्यानं लसणाची वाटी उचलली. म्हणाली, "राजिमले तुझा तंबू अन् तिचा एकच राहीन."

पडद्याखालचे पाय आधी हलले नाहीत. मग एकदम पळाले.

०

निघायच्या दिवशी संध्यानं दही-साखर दिली. चौघांलेही एकेक चमचा. काकांले नुसतं दही.

रात्रीचा करार असा होता. नेहा ठरल्या वेळी उठून शुगर पाहीन, संध्याले मेसेज टाकन. केतकी उठली की सकाळी स्वतः फोन करन. संध्यानं फोनचा आवाज पूर्ण वाढवला, उशीजवळ ठेवला. शरद रात्रपाळीले गेला. मी माझ्या खोलीत पडून ऐकत होती. एकदा मेसेजचा आवाज आला तो ऐकला. संध्या बोलली तेही ऐकलं, एकटीच, "ठीक आहे." मग माझा डोळा लागला.

सकाळी मी उठून, दार बाहेरून ओढून, आपोआप लागते ते, दूध आणायले गेली. हिवाळ्याचं ऊन गल्लीत उतरलं होतं. परत आली अन् वळणावरच पाय थांबले. आमच्या दारासमोर गर्दी. समोरच्या घरातले दोघं. रूपालीचा नवरा, स्कूटर आडवी टाकलेली, हेल्मेट डोक्यावरच. अन् कोपऱ्यावर ज्याचं औषधाचं दुकान आहे, ज्याच्याकडून आम्ही इतकी वर्षं इन्सुलिन घेतो, तो साहू भैया आमचं दार थापून राहिला.

मी तशीच पुढं गेली. माझ्याकडं पाहून सगळे बाजूले सरले.

मी म्हटलं, "काय झालं?"

साहू भैयाले दम लागला होता. "अम्मा, केतकी का फोन आया..."

अन् तिथं तो श्वास घ्यायले थांबला. तेवढ्यात काय काय माझ्या डोळ्यांसमोरून गेलं ते मी कोणालेच सांगतलं नाही, सांगणारही नाही.

"...बोली, मम्मी फोन नहीं उठा रही. घर जाके देखो."

रूपालीचा नवरा म्हणाला, "मलेही केतकीचाच फोन. रडत होती. ते लोक तिथून निघालेही, परत येऊन राहिले."

साहू भैयानं परत दार थापलं. आतून पावलं वाजली.

संध्यानं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्राची घडी उमटलेली. तिनं गर्दी पाहिली. साहू भैयाले पाहिलं अन् तशीच अनवाणी उंबऱ्याबाहेर आली.

"केतकी?"

"केतकी ठीक है भाभी," साहू भैया घाईघाईनं म्हणाला. "आपको देखने भेजा है उसने." अन् स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. फोन चालूच होता. केतकी इतक्या जोरानं बोलत होती की आम्हा सगळ्यांले ऐकू आलं.

"आई! कितने फोन किए मैंने! क्या हुआ तुमको? कहाँ थी?"

संध्यानं फोन कानाले लावला. थोडी गोंधळलेली होती. कुठं होती ते जणू तिले आठवावं लागलं.

"झोपली होती," ती म्हणाली.

तिकडं तोंड बाजूले करून केतकी कोणाले तरी सांगताना ऐकू आली, "सो रही थी."

नेहाचा आवाज आला, "झूठ."

"नहीं रे. सच्ची में सो रही थी."

संध्यानं फोन साहू भैयाच्या हातात परत दिला. आमच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं, माझ्याकडंही पाहिलं. मग जांभई देत आत गेली अन् दार लावून घेतलं. आतून कडी.

मी दूध घेऊन बाहेरच उभी. साहू भैयानं दार वाजवायले हात उचलला.

मी त्याचा हात धरला.